'ओनरशिप' म्हणजे नेमकं काय हो? नागपूरच्या बिल्डर, डीलर आणि फ्लॅटवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
नागपुरातले समस्त बिल्डर, प्रॉपर्टी डीलर, दस्तलेखक,
आणि दर महिन्याला मेंटेनन्सवरून भांडणारे आम्ही सगळे फ्लॅटवाले

नमस्कार मंडळी,

मी वकील नाही, आर्किटेक्ट नाही, मी आमच्या बिल्डिंगचा खजिनदार आहे, आणि तोही हौसेनं झालेलो नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये मी पाच मिनिटं पाणी प्यायला घरी गेलो आणि खाली येईपर्यंत माझं नाव ठरून टाळ्यापण वाजून गेल्या होत्या. मग बिस्किटाच्या खोक्यात कोंबलेले बिल्डिंगचे सगळे कागद माझ्याकडे आले, लिफ्टवाल्याच्या पावत्या, बोअरच्या मोटरचं गॅरंटी कार्ड, एका जुन्या वॉचमनची उचल लिहिलेली डायरी, आणि सगळ्यात खाली, कोपरे कुरतडलेली, एका डीडची झेरॉक्स. त्याच्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात 'डीड ऑफ डिक्लेरेशन' लिहिलेलं. तो कागद मी वाचला, हीच माझी चूक झाली, कारण तेव्हापासून मला झोप नाही आणि आता तुम्हालापण लागू देणार नाही.

तर बघा गंमत. आमच्या गेटवर टिनाचा बोर्ड आहे, त्यावर लिहिलंय अमुक-तमुक 'सोसायटी'. मी २००९ मध्ये घर घेतलं तेव्हा ब्रोशरवर होतं 'ओनरशिप फ्लॅट्स'. आम्ही सगळे बोलताना 'फ्लॅट' म्हणतो. आणि रजिस्ट्री झालेल्या कागदात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शब्द आहे 'अपार्टमेंट'. एकच दार, एकच कुलूप आणि नावं चार. मला वाटायचं की असू द्या, कांदेपोहे म्हटलं काय नि पोहे म्हटलं काय, प्लेटीत तेच येते. पण नाही ना! इथे प्लेटीत वेगवेगळं येतं, आणि बिलपण वेगळं येतं.

ही शंका खरं तर पहिले माझ्या आईला आली होती. वास्तूच्या दिवशी ती गावाहून आली, चारही खोल्या फिरून पाहिल्या, गॅलरीतून खाली वाकून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बापू, घर तं घेतलं, पन याच्याखालची जागा कोनाची हाय?" मी हसलो. म्हटलं अगं आई, ओनरशिप आहे, सगळं आपलंच. ती म्हणाली, "आपल्या खाली तं दुसऱ्याचं घर हाय, मंग जागा आपली कशी?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी विषय बदलून तिला जेवायला बसवलं. उत्तर पंधरा वर्षांनी बिस्किटाच्या खोक्यात सापडलं, आणि तेव्हा ऐकायला ती नव्हती.

आता हा 'ओनरशिप' शब्द आला कुठून ते सांगतो. शब्द मुंबईचा आहे. तिकडे घर म्हणजे भाड्याचं, पागडीचं, चाळीतलं, १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडं गोठलेलं, त्यामुळे कोणी भाड्यानं द्यायला नवीन इमारत बांधेना, मग बिल्डर म्हणायला लागले की भाड्यानं नको, विकतच घ्या ना, 'ऑन ओनरशिप बेसिस'. त्यात फसवाफसवी इतकी झाली की सरकारला १९६३ मध्ये कायदा करावा लागला, ज्याला आपण 'मोफा' म्हणतो, त्याच्या इंग्रजी नावातच 'ओनरशिप फ्लॅट्स' आहे, आणि सुरुवातीलाच लिहिलंय की घरांची टंचाई आहे आणि ओनरशिपवर घेतलेल्या फ्लॅटच्या बांधकामात, विक्रीत, देखभालीत गैरप्रकार होताहेत आणि वाढताहेत. म्हणजे ज्या शब्दावर आपण भाळून बुकिंगचा चेक फाडतो तो शब्द कायद्यात शिरला तोच तक्रारीसोबत! ब्रोशरमध्ये तो सोनेरी अक्षरात येतो ही पुढची करामत.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजे मध्य प्रदेशात, आपला घरभाड्याचा नियमपण वेगळा होता, सीपी अँड बेरारचा, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडचा, १९४९ चा रेंट कंट्रोल ऑर्डर, तो थेट २००० सालापर्यंत चालला. महाल-इतवारीत वाडे, धरमपेठेत बंगले, सरकारी माणूस क्वार्टरमध्ये, आणि बाकी सगळ्यांचं एकच स्वप्न, प्लॉट. तीस बाय पन्नासचा प्लॉट घ्यायचा, लेआउटमध्ये पावसात चिखल तुडवत जाऊन दगड रोवून यायचे, दहा वर्षांनी वर दोन खोल्या बांधायच्या. नागपूरकराला 'मालकी' म्हणजे काय ते सांगावं लागत नव्हतं, कंपाउंडच्या आत जे आहे ते आपलं, विहीर, पेरूचं झाड, वरचं आभाळ. फ्लॅट आले ते बरेच नंतर आणि येताना मुंबईचा शब्द घेऊन आले, पण कागद मात्र दुसऱ्याच कायद्याचे घेऊन आले! इथेच सगळा घोळ आहे.

तो दुसरा कायदा म्हणजे १९७० चा अपार्टमेंट ओनरशिपचा. आता दोन्ही नावांत ओनरशिप आहे म्हणून लोकांना वाटते एकच. नाही. मला जेवढं समजलं तेवढं साध्या भाषेत सांगतो, वकील मंडळींनी चुकलं तर कान धरावा.

मोफाच्या रस्त्यानं गेलं की शेवटी साधारणपणे सहकारी सोसायटी होते. बिल्डरनं सोसायटी रजिस्टर करायची, मग जमीन आणि बिल्डिंग सोसायटीच्या नावानं करून द्यायची, त्याला कन्व्हेयन्स म्हणतात. तुम्ही सोसायटीचे मेंबर, तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट, बहुतेक ठिकाणी पन्नास-पन्नासचे दहा शेअर, म्हणजे पाचशे रुपयांचा कागद आणि त्यावर पन्नास लाखांचं घर. जमिनीची मालक सोसायटी. तुम्ही सोसायटीत आहात म्हणून तुमचा फ्लॅट तुमच्याकडे.

अपार्टमेंटच्या रस्त्यानं गेलं की सोसायटी नाहीच. जागेचा मालक एक डिक्लेरेशन रजिस्टर करतो, म्हणजे घोषणापत्र, त्यात जमीन किती, फ्रीहोल्ड म्हणजे पूर्ण मालकीची आहे की लीजवर म्हणजे भाडेपट्ट्यावर, मजले किती, अपार्टमेंट किती आणि प्रत्येक अपार्टमेंटचा जमिनीत आणि कॉमन गोष्टींत न वाटला जाणारा हिस्सा किती टक्के, हे सगळं लिहावं लागतं. मग तुमच्या नावानं डीड होतं, त्यात चार भिंतींच्या आतलं घर आणि तो टक्का दोन्ही तुमच्या नावावर, वारसांना जाणारं, विकता येणारं, गहाण ठेवता येणारं. म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर होतं, दहा पूर्णांक चाळीस टक्के. माझ्या घराखालच्या जागेचा १०.४० टक्के मालक मी आहे. कोणता कोपरा ते विचारू नका, कोणताच नाही, सगळीकडे थोडाथोडा, वॉचमनच्या खोलीत, टाकीत, जिन्यात, सगळीकडे माझे १०.४० टक्के.

हे टक्के कागदावर झोपलेले असतात तोवर कोणालाच त्रास नसतो. आमच्याकडे ते उठले लिफ्टमुळे.

आमची बिल्डिंग छोटी आहे. खाली पार्किंग, समोर दोन दुकानं, वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर एक थ्री बीएचके, एक टू आणि एक वन. मागच्या वर्षी ऐन मे महिन्यात लिफ्ट बंद पडली. पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या उन्हात चौथ्या मजल्यावर पाण्याचे कॅन चढवणं काय असते ते नागपूरकराला सांगायला नको. मेकॅनिकनं मोटर आणि पॅनल दोन्ही बदला म्हणून एक लाख ऐंशी हजाराचा एस्टिमेट दिला. जुन्या पद्धतीनं बारा घरांत सारखं वाटलं की प्रत्येकी पंधरा हजार, दुकानं लिफ्ट वापरत नाहीत म्हणून सूट. आजवर असंच चालत आलेलं.

मीटिंग पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या, कूलर लावलेला आणि त्याच्या आवाजात कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही अशी अवस्था. दुसऱ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये एक रिटायर्ड नर्स राहतात, आम्ही सगळे त्यांना सिस्टर काकू म्हणतो. त्या कधी बोलत नाहीत, त्या दिवशी बोलल्या. "भाऊ, माझं घर तुमच्या हॉलएवढं, आणि पैसे तुमच्याएवढेच? कशाच्या हिशोबानं?"

तिसऱ्या मजल्यावरचे थ्री बीएचकेवाले साहेब लगेच म्हणाले, "काकू, लिफ्टमध्ये तर सगळे सारखेच चढते ना! घर लहान म्हणून तुम्ही अर्ध्याच थोडी चढता?" सगळे हसले. काकू नाही हसल्या. म्हणाल्या, "मग बिल्डर उद्या टेरेसवर टॉवरचं भाडं आणून देईल तेव्हापण सारखंच वाटाल का? तेव्हा म्हणाल आमचं घर मोठं."

मी खोक्यातली झेरॉक्स घेऊनच बसलो होतो. उठून वाचून दाखवली. आमच्या डिक्लेरेशनप्रमाणे थ्री बीएचके १०.४०, टू बीएचके ७.६०, वन बीएचके ५ आणि प्रत्येक दुकान ४ टक्के. चारही मजल्यांचे ९२, दुकानांचे ८, शंभर पूर्ण. आणि कायदा म्हणतो की कॉमन खर्च आणि कॉमन उत्पन्न दोन्ही याच टक्क्यानं वाटायचं. म्हणजे लिफ्टसाठी माझे १८,७२० होतात, टू वाल्यांचे १३,६८०, काकूंचे ९,००० आणि दुकानांचे प्रत्येकी ७,२००. वाचता वाचता माझ्याच लक्षात आलं की मी स्वतःच्या खिशातून ३,७२० रुपये जास्तीचे काढून राहिलो आहे, पण तोवर उशीर झाला होता, कॅल्क्युलेटर फिरून गेला होता.

मग दुकानवाले पेटले. झेरॉक्सवाला भाऊ म्हणे, "काका, मी जन्मात कधी लिफ्टमध्ये पाय नाही ठेवला, मी कायले देऊ?" आणि माणुसकीनं पाहिलं तर त्याचं बरोबर वाटते. पण कायद्यात स्पष्ट आहे की मी अमुक गोष्ट वापरत नाही म्हणून कोणाला कॉमन खर्चातून सुटता येत नाही, घर बंद ठेवलं तरी सुटका नाही. हां, डिक्लेरेशनमध्येच जर लिफ्ट 'लिमिटेड कॉमन एरिया' म्हणून फक्त काही अपार्टमेंटपुरती लिहिली असती तर वेगळी गोष्ट होती, तशी सोय कायद्यात आहे, आमच्यात ती लिहिलेली नव्हती. आता याला जबाबदार कोण? ज्यानं दुकान विकताना त्याला "तुमचा वरच्यांशी काही संबंध नाही" असं सांगितलं तो. भाऊला स्वतःच्या कागदात ४ टक्के लिहिलेत हेच माहीत नव्हतं. मी दाखवले तेव्हा चष्मा पुसून पुसून पाहत होता, मग म्हणे, "म्हणजे मागच्या पार्किंगमध्येपण माझा हिस्सा हाय का?" हाय म्हटलं. तेव्हापासून त्याची स्कूटर आत लागते.

आता हेच सोसायटी असती तर उलटं झालं असतं. सोसायटीच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, सर्व्हिस चार्जेस सगळ्यांना सारखे, लिफ्टचा खर्च त्या बिल्डिंगच्या सगळ्या मेंबरना सारखा, वापरा नाहीतर नका वापरू, पाणी नळांच्या हिशोबानं, रिपेअर फंड आणि सिंकिंग फंड बांधकामाच्या खर्चाच्या हिशोबानं. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे साहेब चुकीचं नव्हते बोलत, ते दुसऱ्या कायद्याचं बोलत होते! आणि त्यांना तसं वाटायला कारण काय, तर गेटवरचा बोर्ड. पंधरा वर्षं रोज सोसायटी वाचून माणूस सोसायटीच समजणार. बरं हा वाद फक्त आमचाच नाही, पुण्यातल्या एका मोठ्या अपार्टमेंटवाल्यांचं हेच भांडण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं आणि २०२५ मध्ये कोर्टानंपण हेच सांगितलं की अपार्टमेंट असेल तर मेंटेनन्स हिश्श्याप्रमाणे.

कोणी म्हणेल मग अपार्टमेंटच चांगलं. थांबा. सोसायटीत एका मेंबरचं एक मत, काकूंचंही एक आणि साहेबांचंही एक. अपार्टमेंटमध्ये बहुमत म्हणजे ५१ टक्के, आणि ते टक्के म्हणजे हेच डिक्लेरेशनमधले टक्के. आमच्याकडे चार थ्री बीएचकेवाले मिळून ४१.६० होतात, दोन टू बीएचकेवाले पटवले की ५६.८०, झालं, चौदा मालकांपैकी सहा जणांनी कारभार चालवावा. म्हणजे काकू पैसे कमी देतील पण त्यांचा आवाजपण कमी वजनाचा. हे घर घ्यायच्या आधी कोणी सांगितलं का त्यांना? मला तर कोणीच नाही सांगितलं, आणि मी थ्री बीएचकेवाला, माझा फायदाच होता त्यात.

शब्दांच्या नादी लागलोच आहे तर जरा मागे जातो. 'फ्लॅट'चा सपाटशी संबंध आपण लावतो, पण घराच्या अर्थानं तो जुन्या स्कॉटिश 'फ्लेट'वरून आलाय म्हणतात, म्हणजे घराचा आतला भाग, जमीन, मजला. 'अपार्टमेंट' आला इटालियन-फ्रेंचमधून, मूळ अर्थ वेगळं काढणं, बाजूला होणं. आणि आपल्या अपार्टमेंट कायद्याच्या बिल्डिंगला ज्या नावानं पुण्या-मुंबईचे लोक मिरवतात ते 'कॉन्डोमिनियम' लॅटिन आहे, कॉन म्हणजे सोबत, डोमिनियम म्हणजे मालकी. म्हणजे घराचं नाव वेगळं होण्याचं आणि बिल्डिंगचं नाव एकत्र मालकीचं, आमच्या मीटिंगचं याच्याहून चांगलं वर्णन मी तरी नाही करू शकत.

आणि हा कॉन्डोमिनियम शब्द पहिले घरांचा नव्हताच, राज्यांचा होता. दोन देश मिळून एका मुलखावर राज्य करत त्याला कॉन्डोमिनियम म्हणत, जसं १८९९ पासून सुदानवर ब्रिटन आणि इजिप्त. पॅसिफिकमध्ये न्यू हेब्रिडीज नावाची बेटं होती, आजचं वानुआतू, तिथे १९०६ ते १९८० ब्रिटन आणि फ्रान्स दोघांचं राज्य, त्यामुळे पोलीस दोन, कायदे दोन, शाळा-दवाखाने दोन-दोन, लोक गमतीनं त्याला पँडेमोनियम म्हणायचे, म्हणजे नुसता गोंधळ. आमच्याकडे चार वर्षांपूर्वी दोन कमिट्या होत्या, एकीकडे पाण्याच्या टाकीची चावी आणि दुसरीकडे बँकेचं पासबुक. मला ती बेटं एकदम ओळखीची वाटली.

घराच्या अर्थानं हा प्रकार बऱ्याच ठिकाणी दहा वर्षांच्या आत कायद्यात आला हेपण मजेशीर आहे. अमेरिकेच्या युटा राज्यात १९६० चा कायदा, ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये १९६१, त्याला ते 'स्ट्राटा' म्हणतात, जपानमध्ये १९६२, आपला अपार्टमेंटचा कायदा १९७०. जपानी लोक तर अशा सिमेंटच्या बिल्डिंगमधल्या घराला 'मान्शोन' म्हणतात, म्हणजे आपलं इंग्रजी मॅन्शन, दोन खोल्या असल्या तरी मॅन्शनच. हसू नका, आपल्या रिंग रोडला फिरून या, छोट्याशा गॅलरीवाल्या बिल्डिंगांची नावं पॅलेस, रेसिडेन्सी आणि एन्क्लेव्ह आहेत.

मराठीत काय म्हणायचं मग? 'सदनिका' छान शब्द आहे, सदनाचं छोटं रूप, पण तो लग्नपत्रिकेत आणि पेपरच्या जाहिरातीतच दिसतो, "मी सदनिकेतून बोलून राहिलो" असं कोणी म्हणत नाही. 'गाळा' म्हाडामुळे टिकला, मूळ अर्थ दोन खांबांमधली जागा, पण गाळा म्हटलं की लोकांना दुकान आठवते. आणि सरकारी मराठीत अपार्टमेंटसाठी एक शब्द आहे, 'वेश्म'. संस्कृत आहे, अर्थ घर. मी मीटिंगमध्ये एकदा वापरून पाहिला, टू बीएचकेवाल्या वहिनींना वाटलं मी विश्वास म्हणालो, त्या म्हणाल्या विश्वास तर आहेच हो भाऊजी तुमच्यावर. मी परत नाही वापरला. माझं म्हणणं शुद्ध मराठीच पाहिजे असं नाहीच आहे. फ्लॅट म्हणा, अपार्टमेंट म्हणा, ब्लॉक म्हणा, रेरा कायद्यानं तर २०१६ मध्ये अपार्टमेंटच्या व्याख्येत फ्लॅट, शॉप, ऑफिस, गोडाउन, युनिट, टेनेमेंट सगळी नावं ओळीनं घेतली आणि वर म्हटलं की आणखी कोणत्याही नावानं ओळखलं जात असलं तरी ते हेच. रेराचं काम बिल्डरला पकडायचं आहे, त्यामुळे त्यानं नाव बदलून पळू नये म्हणून जाळं मोठं टाकलं, ठीक आहे. पण राहणाऱ्याला मात्र नावानं फरक पडतो.

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या मंडळींना पडला. मुलाकडे जायचं म्हणून त्यांनी घर विकायला काढलं, गिऱ्हाईक चांगलं मिळालं, आणि गिऱ्हाइकाच्या बँकेनं मागितलं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. कारण डीलरनं फॉर्ममध्ये सोसायटी लिहून दिलं होतं. आता जी सोसायटीच नाही तिचं सर्टिफिकेट आणायचं कुठून? मला फोनवर फोन, "खजिनदारसाहेब, एक सर्टिफिकेट बनवून द्या ना, तुमच्याकडे शिक्का आहेच." शिक्का आहे हो, त्याच्यावरपण सोसायटी कोरलंय! मी नाही दिलं. शेवटी डिक्लेरेशनची सर्टिफाइड कॉपी काढली, त्यांचं डीड जोडलं, बँकेच्या वकिलाला समजावलं, या सगळ्यात दोन महिने गेले आणि गिऱ्हाईक पळता पळता राहिलं. एका शब्दाचे दोन महिने.

आणि जमिनीचं तर वेगळंच आहे आपल्या शहरात. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे पटकन समजत नाही. आपल्याकडे प्लॉट नझूलचा, म्हणजे सरकारी जमिनीचा असू शकते, सुधार प्रन्यासचा लीजवरचा असू शकते, खाजगी लेआउटमधला असू शकते, आणि बिल्डिंग त्यावर उभी राहिली की वरच्या सगळ्यांना ब्रोशर एकच म्हणते, ओनरशिप. लीजच्या जागेवर तुम्ही भिंतींचे मालक आहात, जमिनीत मात्र तुमचा हिस्सा लीजमधला आहे, लीज नूतनीकरण, ग्राउंड रेंट, विकताना परवानगी, फ्रीहोल्ड करायचं असेल तर त्याचे पैसे, सगळं टक्क्याप्रमाणे तुमच्याकडे येणार. ते कळायला आखीव पत्रिका, म्हणजे जमिनीचा सरकारी नोंदीचा कागद, पाहावी लागते. किती जण पाहतात? मी नव्हती पाहिली. मी टाइल्स पाहिल्या होत्या, किचनचा ओटा पाहिला होता आणि गॅलरीतून दिसणारं कडुलिंबाचं झाड पाहिलं होतं, जे पुढच्याच वर्षी शेजारच्या प्लॉटवाल्यानं तोडलं.

तर आता मागण्या. फार नाहीत.

बिल्डर मंडळी, ब्रोशरमध्ये स्विमिंग पूलचं चित्र टाकता, त्याच्याखाली एक ओळ मराठीत टाका, ही अपार्टमेंट आहे की सोसायटी होणार आहे, आणि जमीन फ्रीहोल्ड की लीज. डिक्लेरेशन केलं असेल तर त्याची कॉपी चावीसोबत द्या, गणपतीची मूर्ती आणि ड्रायफ्रूटचा डबा नाही दिला तरी चालेल. हिश्श्याचा तक्ता लिफ्टशेजारी लावा, जिथे 'कचरा टाकू नये' लिहिता तिथेच.

डीलर दादांनो, तुमचं पोट यावर आहे, मान्य, पण "ओनरशिप आहे, टेन्शन नका घेऊ" हे वाक्य बंद करा. गिऱ्हाइकानं विचारलं की खालची जागा कोणाची, तर तुम्हाला सांगता आलं पाहिजे. माझी आई चौथी शिकलेली होती, तिला हा प्रश्न सुचला होता.

दस्तलेखक आणि वकील साहेब, मौजा, खसरा, शीट नंबर, वॉर्ड नंबर या सगळ्याच्या रांगेत तो टक्का असा दडवता की सापडत नाही. तो ठळक करा. आणि सही घेण्याआधी एकदा तोंडानं वाचून दाखवा, मराठीत, घाई न करता, समोरच्याचा टोकन नंबर आला असला तरी.

आणि आपण फ्लॅटवाले. आपलं डीड कपाटात साड्यांच्या खाली किंवा बँकेच्या लॉकरमध्ये असते, लोन चालू असेल तर बँकेकडेच, पण झेरॉक्स तर असते ना, ती काढा. पहिल्या दोन पानांत शब्द शोधा, मेंबर आणि शेअर दिसलं तर सोसायटी, डिक्लेरेशन आणि अनडिव्हायडेड इंटरेस्ट दिसलं तर अपार्टमेंट. मग भांडा, खुशाल भांडा, पण आपल्याच कायद्याप्रमाणे भांडा, शेजारच्या बिल्डिंगच्या नको.

आमच्याकडे निदान बोर्ड बदलायचं ठरलं. पेंटर आला, त्यानं लांबी मोजली आणि म्हणाला, "काका, 'अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन' इतकं लंबं या टिनावर नाही बसत, सोसायटीच राहू द्या ना, सुंदर दिसते." शेवटी नवीन टिन घेतला. सगळे मिळून ४,२०० रुपये झाले, मी टक्क्याप्रमाणे वाटून ग्रुपवर टाकले. झेरॉक्सवाल्या भाऊच्या वाट्याला १६८ आले, त्यानं उभ्या उभ्या मोबाईलवरून पाठवले आणि मग विचारलं, "काका, चार टक्के बोर्डावर दुकानाचं नाव लिहून होईल का?"

आपला,
एक खजिनदार (१०.४० टक्के)
नागपूर